विश्लेषण : कोळीवाड्याच्या वतीने सही कोणाची?

कार्टर रोड जिथे संपतो आणि किनारा जुहूकडे सरकू लागतो, त्या पट्ट्यात खारदांडा आहे. एका बाजूला खार पश्चिमेच्या उंच इमारती, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मध्ये होड्या, जाळी, बर्फाच्या पेट्या, दाटीवाटीची घरे. याच किनाऱ्यासमोरून वांद्रे-वर्सोवा सागरी सेतू जाणार आहे. सुमारे १७ किलोमीटरच्या या प्रकल्पाचे जोडरस्ते कार्टर रोड आणि जुहू कोळीवाडा येथे उतरणार आहेत. प्रकल्प असो, सीमांकन असो वा डिझेलचा परतावा, सरकारी कार्यालयातून पहिला प्रश्न एकच येतो, ‘तुमच्या संस्थेचे पत्र आणा’. ते पत्र कोणाच्या सहीने जाते, सही करणाऱ्याला तो अधिकार कोणी दिला आणि त्याला कोण जाब विचारू शकतो, यावर कोळीवाड्यातल्या अनेक घरांचे पुढचे दिवस ठरतात.

एका कोळीवाड्यात किती कारभारी?

बाहेरच्या माणसाला कोळीवाडा म्हणजे एक गाव आणि त्याचा एक अध्यक्ष असे वाटते. प्रत्यक्षात तिथे तीन-चार प्रकारच्या संस्था शेजारी शेजारी नांदतात आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा असतो.

पहिली, मच्छीमार सहकारी संस्था. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली असते आणि तिच्यावर सहायक निबंधक (पदुम) यांची देखरेख असते. पदुम म्हणजे पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय आणि मत्स्यव्यवसाय. दुसरी, समाजाची जमात किंवा पंच मंडळ. देऊळ, सभागृह, होळीचे मैदान, समाजाच्या नावावरची जमीन हे सारे बहुधा हिच्याकडे. ती सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असू शकते किंवा नुसत्या रिवाजावर चाललेली असू शकते. तिसऱ्या प्रकारात उत्सव समित्या, महिला मंडळे आणि क्रीडा मंडळे येतात. आणि एखादा प्रकल्प अंगावर आला की चौथी उभी राहते, ती कृती समिती. तिची नोंदणी बहुतेकदा कुठेच नसते, पण मोर्चात पुढे तीच असते.

अनेक ठिकाणी या चारही ठिकाणी तीच आठ-दहा माणसे असतात. ती प्रामाणिक आहेत की नाहीत, हा इथे मुद्दा नाही. एकच माणूस सकाळी जमातीचा पंच, दुपारी सोसायटीचा चेअरमन आणि संध्याकाळी कृती समितीचा निमंत्रक असतो, तेव्हा त्याने दिलेला शब्द नेमका कोणत्या संस्थेचा, हे त्याला स्वतःलाही सांगणे कठीण जाते. सरकारी बाबूला मात्र ते फार सोयीचे असते. त्याला एक लेटरहेड आणि एक शिक्का हवा असतो.

चेअरमनची सही म्हणजे संस्थेचा निर्णय का नव्हे?

सहकार कायद्यात अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा आहे. कलम ७२ तसे स्पष्ट सांगते. दैनंदिन कारभार कलम ७३ नुसार व्यवस्थापन समिती पाहते. समितीत किती सदस्य असावेत हे उपविधी ठरवतात, पण ती संख्या २१ पेक्षा जास्त असू शकत नाही. मुदत पाच वर्षे. महिलांसाठी दोन जागा राखीव, शिवाय अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आणि भटक्या विमुक्त व विशेष मागास प्रवर्गांसाठी प्रत्येकी एक. चेअरमनची निवड समिती करते, सभासद थेट करत नाहीत. त्याच्यावर अविश्वास ठराव आणायचा तर तोही समितीतल्या सदस्यांनीच आणायचा असतो. सभासदाच्या हातात उरते ती सर्वसाधारण सभा.

ही चौकट आजच्या रूपात आली ती ९७ व्या घटनादुरुस्तीमागोमाग. ती फेब्रुवारी २०१२ मध्ये लागू झाली आणि महाराष्ट्राने २०१३ मध्ये आपला कायदा तिला जुळवून घेतला. निवडणुका घेण्याचे काम राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे गेले. पुढे २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतल्या सहकारी संस्थांपुरता या घटनादुरुस्तीतला मुख्य भाग रद्द केला. सहकार हा राज्यांचा विषय असताना निम्म्या विधानसभांची संमती घेतली नव्हती, हे त्याचे कारण. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा मात्र त्यामुळे बाद झाला नाही. संस्था स्थापन करण्याचा हक्कही घटनेत कायम राहिला. दोन तृतीयांश कोळीवाड्यांना या निकालाची गंधवार्ता नसेल, आणि नसली तरी फारसे बिघडले नाही. बिघडते ते वेगळ्याच ठिकाणी.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी, असे कायदा सांगतो. ती न घेतल्यास जबाबदार पदाधिकाऱ्याला पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येते. आता कोळ्याचे वर्ष पाहू. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की होड्या बाहेर पडतात आणि ऑगस्ट-सप्टेंबर हा हाताला काम असण्याचा काळ. म्हणजे ज्या दिवसांत सभा घ्यायची, त्या दिवसांत तांडेल आणि खलाशी समुद्रात. उधाणाच्या दिवशी सभा लावली तर जाळे टाकणारा माणूस येणार नाही, येईल तो किनाऱ्यावरचा. भांगाच्या दिवसांत लावली तर येऊ शकेल. गणपूर्ती झाली नाही म्हणून अर्धा तास तहकूब केलेली सभा पुन्हा भरवून वीस माणसांत ठराव मंजूर करून घेणे ही सहकारातली जुनी रीत आहे, आणि ती कायद्याच्या चौकटीतही बसते. त्यामुळे सभेची तारीख ठरवताना पंचांग कोणाचे पाहिले, हा कोळीवाड्यात किरकोळ प्रश्न नाही.

जमातीच्या न्यासाची गोष्ट आणखी वेगळी. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज करावा लागतो. यालाच सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. तो मंजूर होईपर्यंत सरकारी नोंदीत जुनीच नावे राहतात. वारलेल्या विश्वस्तांची नावे वर्षानुवर्षे तशीच असणे, दोन गटांनी आपापले चेंज रिपोर्ट दाखल करणे, हे राज्यभरातल्या न्यासांमध्ये सर्रास आढळते. न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची तर कलम ३६ खाली आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. समाजाच्या जागेवर विकासकाशी करार करताना ही अट नेमकी आठवत नाही, किंवा आठवून दिली जात नाही.

ही सही इतकी मोलाची कशासाठी?

साधी गोष्ट आधी. यांत्रिक नौकेला डिझेलवरील कराचा परतावा हवा असेल, तर प्रस्ताव संस्थेमार्फत मत्स्यव्यवसाय विभागाकडे जातो. संस्थेने कागद अडवला की परतावा अडला. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यातून येणाऱ्या सवलती मच्छीमारापर्यंत पोहोचवतानाही ‘मच्छीमार कोण’ याची यादी लागणारच. ती यादी पुन्हा संस्थेच्या दप्तरातून येते.

मोठी गोष्ट म्हणजे प्रकल्प. याचा धडा वरळीत मिळाला. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाविरुद्ध उच्च न्यायालयात गेलेल्यांमध्ये वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी होती. १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाची सीआरझेड मंजुरी रद्द केली. १७ डिसेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झाले. मार्च २०२४ मध्ये रस्त्याचा पहिला टप्पा वाहतुकीस खुलाही झाला. मधल्या काळात वरळीच्या मच्छीमारांनी दुसरी लढाई लढवली. त्यांच्या होड्या क्लीव्हलँड बंदरातून ज्या वाटेने समुद्रात जातात, तिथे पुलाच्या दोन खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवले होते. मच्छीमारांनी २०० मीटर मागितले. शेवटी १२० मीटरवर निर्णय झाला. १२० पुरेसे की अपुरे, यावर मतभेद राहिले. पण हा आकडा ज्यांच्याशी चर्चा होऊन ठरला, ते संस्थांचे पदाधिकारी होते. त्या खोलीत कोण बसतो आणि बाहेर येऊन तो कोणाला सांगतो, यावर होडीची वाट ठरली.

उरणचे प्रकरण पैशाच्या बाबतीत याहून स्पष्ट आहे. जेएनपीटीच्या विस्तारामुळे उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या कोळीवाड्यांच्या मासेमारीच्या जागा गेल्या. पारंपरिक मच्छीमार बचाव कृती समितीतर्फे रामदास जनार्दन कोळी आणि इतरांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात धाव घेतली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. कुटुंबामागे ५ लाख ८४ हजार. हा आदेश देशभरातल्या मच्छीमार संघटना आजही हवाल्याला वापरतात. त्यातला आकडा लक्षात घ्यावा. १,६३०. न्यायाधिकरणाने भरपाई कुटुंबांच्या संख्येने गुणली. ज्याचे नाव त्या यादीत नव्हते, त्याची खाडी गेली नव्हती का? गेली असेलही. पण गुणाकारात तो धरला गेला नाही.

इथे कृती समितीने जे साधले ते लक्षणीय होते, यात शंका नाही. पण तीच यादी एखाद्या कोळीवाड्यात घाईने, चार जणांनी, आपल्या ओळखीपाळखीवर केली तर काय होते, याची कल्पना करणे कठीण नाही. वांद्रे-वर्सोवा सेतूच्या बाबतीत किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी विरोध आणि मागण्या दोन्ही केले आहेत. खारदांड्याला पुढे कधी भरपाईच्या याद्या करायची वेळ आली, तर ती वेळ आल्यावर सभासद नोंदवही दुरुस्त करायला उशीर झालेला असेल.

यादीत कोण, यादीबाहेर कोण?

संस्थेचे सभासद कोण, हे पाहिले की चित्र बदलते. नोंदवहीत बहुधा नौकामालक असतात, त्यांचे वारस असतात, आणि कधीकाळी दहा-वीस रुपयांचा भाग घेतलेली, आता हयात नसलेली माणसे असतात. होडीवर वाट्याने काम करणारा खलाशी अनेकदा नसतो. खलाशांमध्ये आता बाहेरच्या जिल्ह्यांतले आणि बाहेरच्या राज्यांतले मजूरही आहेत. ते तर सभासद होण्याच्या विचारातही नसतात. पायी खडकावर जाऊन कालवे, शिंपल्या, चिंबोऱ्या गोळा करणाऱ्याला परवाना नाही, होडी नाही, त्यामुळे कागदावर तो मच्छीमारच नाही.

आणि बाई. कोळीवाड्याचा पैसा बाईच्या हातातून फिरतो, हे मुंबईत कोणाला सांगायला नको. मासळी उतरली की ती निवडायची, बर्फात घालायची, टोपली उचलायची, बाजारात बसायचे, उधारी वसूल करायची, आणि सुकी मासळी वाळवून पावसाळ्याची सोय करायची, हे सगळे तिचे. होडी नवऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर, म्हणून भाग त्याच्या नावावर, म्हणून मत त्याचे. कायद्याने दोन जागा राखून ठेवल्या आहेत. पण ज्या संस्थेत महिला सभासदच मोजक्या, तिथे त्या दोन जागा कोणाच्या घरी जातात हे सगळ्यांना ठाऊक असते. बाजार हलवायचा निर्णय होतो, मासळी विकायच्या ओट्यांचा प्रश्न येतो, बोंबील वाळवायची जागा रस्त्यासाठी मागितली जाते. हे तिन्ही प्रश्न बाईचे, आणि समिती पुरुषांची.

नव्या सभासदत्वाचे अर्ज समिती मंजूर करते. नाकारले तर निबंधकाकडे दाद मागता येते, पण तितका खटाटोप करणारा विरळा. ‘क्रियाशील सभासद’ ही संकल्पना २०१३ च्या दुरुस्तीत आली आणि नंतरही तिच्यात बदल होत राहिले. हेतू चांगला होता, नुसत्या नावापुरत्या सभासदांनी मतदान करू नये. व्यवहारात तिचा वापर उलटाही होतो. विरोधात बोलणाऱ्याला अक्रियाशील ठरवणे हा निवडणूक जिंकण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

मग इतरत्र नेतृत्व कसे उभे राहिले?

मच्छीमारांच्या मोठ्या संघटना उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर मच्छीमार नसलेलीही माणसे आली, हा देशाचा अनुभव आहे. गोव्यात यांत्रिक ट्रॉलरविरुद्ध रापणकारांची बाजू घेऊन उभे राहिलेले माथानी साल्ढाणा शिक्षक होते. राष्ट्रीय पातळीवरच्या मच्छीमार मंचाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. पुढे त्या मंचाचे नेतृत्व केरळचे थॉमस कोचेरी यांच्याकडे आले, ते धर्मगुरू. दोघांनीही मोठे काम केले. पण इंग्रजी पत्र लिहिता येणारा, दिल्लीत जाणारा माणूस आपोआप नेता होतो आणि वल्हे मारणारा मागे उभा राहतो, ही गोष्ट त्यांच्या चांगुलपणाने बदलत नाही.

नोव्हेंबर १९९७ मध्ये नवी दिल्लीत जगभरातल्या मच्छीमार संघटनांचा एक मंच स्थापन झाला. २१ नोव्हेंबरला जागतिक मत्स्यव्यवसाय दिन साजरा होतो तो त्यातूनच. अवघ्या तीन वर्षांत, २००० साली, फ्रान्समधल्या लोक्तुदी या बंदरगावातल्या सभेत तो मंच दुभंगला आणि दोन संघटना झाल्या. वाद ट्रॉलर किंवा जाळ्यांवरचा नव्हता. कोणत्या भागाला किती प्रतिनिधित्व आणि कारभार कोणी कसा चालवायचा, यावर तो मोडला. कोळीवाड्यातल्या सोसायटीत दोन पॅनेल पडतात तेव्हा ‘आपले लोक असेच’ म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांनी लोक्तुदी आठवावे.

सभासदाच्या हातात काय आहे?

वाटते त्यापेक्षा जास्त आहे, फक्त ते मागावे लागते. कलम ३२ नुसार प्रत्येक सभासदाला संस्थेचे उपविधी, लेखापरीक्षित ताळेबंद, सर्वसाधारण सभेची आणि समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, आणि संस्थेशी असलेल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी विनामूल्य पाहता येतात. नकला हव्या तर शुल्क भरून मिळतात. सागरी सेतूसंदर्भात संस्थेने ना हरकत पत्र दिले का, दिले असल्यास ते कोणत्या बैठकीतल्या कोणत्या ठरावाने, याचे उत्तर या इतिवृत्तांत असायला हवे. नसेल तर पत्र चेअरमनचे आहे, संस्थेचे नाही.

एक पंचमांश सभासदांनी, किंवा उपविधीत त्याहून कमी संख्या असेल तर तितक्यांनी, लेखी मागणी केली की एका महिन्यात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. समितीने टाळले तर निबंधक बोलवू शकतो. ‘संस्थेला माहिती अधिकार लागू नाही’ हे उत्तर ठोकून दिले जाते, आणि ते अर्धेच खरे आहे. २०१३ च्या थलप्पलम निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारचे भरीव अर्थसाह्य नसलेली सहकारी संस्था थेट माहिती अधिकाराखाली येत नाही. पण निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून मागवता येते, ती निबंधकाच्या कार्यालयातून मागता येते. लेखापरीक्षण अहवाल, निवडणुकीची कागदपत्रे, समितीची नावे ही तिथे असतातच.

यापुढची मागणी सरकारकडे आहे. प्रकल्पासाठी कोळीवाड्याची संमती मागताना प्राधिकरणाने संस्थेच्या पत्रासोबत सर्वसाधारण सभेचा ठराव आणि हजेरीपट मागावा. बाधितांची यादी अंतिम करण्याआधी ती मराठीत छापून बंदरावर, मासळी बाजारात आणि जमातीच्या सभागृहात लावावी, हरकतींसाठी मुदत द्यावी आणि ती मुदत भांगाच्या दिवसांवर यावी. मासळी विकणाऱ्या बाईला आणि वाट्यावर काम करणाऱ्या खलाशाला नौकामालकाच्या शिफारशीशिवाय नाव नोंदवता यावे. यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. विभागाचे एक परिपत्रक पुरते.

संस्थांनाही एक काम लगेच करता येईल. सभासद नोंदवही उघडून मयत सभासदांच्या जागी वारसांची नावे लावावीत आणि तेव्हा मुलाइतकेच मुलीचे, सुनेचे नावही विचारात घ्यावे. पाच वर्षांच्या मुदतीच्या शेवटच्या वर्षी हे काम काढले की त्याला निवडणुकीचा वास येतो. त्यासाठी पावसाळी बंदीचे ६१ दिवस बरे. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, जाळी विणणे चालू असते, आणि ज्यांच्या सह्या लागतात ते सगळे गावातच असतात.